दहावा शब्द

सायमन सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डापाशी, हातात लाल पेन घेऊन चोरासारखे वाकलेले. पार्किंगबद्दल 'डिस्कस अबाउट' करायला सभा बोलावली होती. सरांनी त्यातलं 'अबाउट' खोडलं आणि मला म्हणाले, "डिस्कसच्या पोटातच 'बद्दल' आहे. वर आणखी 'अबाउट' म्हणजे जेवून उठलेल्याला पुन्हा ताट वाढणं. वाक्यात एक शब्द जास्त नको, एक कमी नको." सेक्रेटरी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. सरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

पनवेलच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला हा माणूस माझ्या समोरच्या घरात राहायचा. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. बोलणं मराठी, जेवायला सोलकढी, शुक्रवारी संध्याकाळी दिवा. पत्नी साराबाई जाऊन चार वर्षं झालेली, एकुलता एक रुबेन इस्रायलला. डोळे अधू झाल्यामुळे सरांचा मोबाइल माझ्या ताब्यात असायचा. "वाच गं, काय म्हणतोय राजपुत्र?"

राजपुत्र दर आठवड्याला एकच म्हणायचा. पप्पा, लेट अस डिस्कस अबाउट युअर कमिंग हिअर. सर ताबडतोब म्हणायचे, "'अबाउट' काढ आणि परत पाठव." बस्स, एवढंच उत्तर! एकदा माझं डोकं सटकलं.

"सर, पोरगा जीव तोडून बोलावतोय आणि तुम्ही त्याचे मार्क कसले कापताय?"

सर हसले नाहीत. "चूक दाखवली की उत्तर द्यावं लागत नाही गं," म्हणाले.

खरं उत्तर मला शनिवारी कळलं. त्यांना हात धरून सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात, सोडायचं काम माझंच. त्यांच्या काही प्रार्थनांना, गेलेल्या माणसासाठीच्या प्रार्थनेलासुद्धा, दहा पुरुष लागतात. बाकीची घरं केव्हाच इस्रायलला गेलेली, उरलेले मोजून दहा. मोजायचं तेही आकड्यांनी नाही. हिब्रूतली दहा शब्दांची एक ओळ म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवायचा. हे काम म्हाताऱ्या डॅनियलकाकांचं. दहावा शब्द दाराजवळच्या बाकावर, सरांवर पडायचा.

येताजाता सरांनी ती ओळ माझ्याकडून घोकून घेतली.

"पाठ करून उपयोग काय? मला धरणार आहात का दहात?"

"आमच्याकडे बायकांना मोजत नाहीत. नियम मी नाही केला बाई, नाहीतर लाल पेन होतंच की माझ्याकडे." मग चालता चालता थांबले. "मी गेलो तर नऊ. साराच्या वर्षदिवसाची प्रार्थना कशी व्हायची? आणि ह्या म्हाताऱ्यांची?"

"अडकल्यासारखं नाही होत तुम्हाला?"

"होतं की! रोज होतं. नातीला अजून मांडीवर घेतलेलं नाही मी. पण कडी आतून मीच लावलीय, बोंब कुणाच्या नावानं मारू?"

"मग हे रुबेनला सांगा ना!"

"खबरदार, तू सांगितलंस तर. कळलं तर तो तिथे बसून अडकेल. एक अडकलाय तेवढा पुरे."

ह्या जानेवारीत रुबेननं विचारणं सोडून थेट तिकीटच पाठवलं. आणि काय आश्चर्य, सरांनी बॅग भरली! नातीसाठी परकर-पोलकं घेतलं, चिवडा घेतला. निघायच्या आदल्या शनिवारी प्रार्थनेहून आले आणि एकेक वस्तू परत कपाटात ठेवली. "पुढच्या वर्षी येतो, असं कळव." मी इतकी चिडले की दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. ते दोन दिवस मला अजून छळतात.

रुबेन विमानतळावरून थेट प्रार्थनेला आला, पाठीवर सॅक तशीच. डॅनियलकाका शब्द ठेवत सरकत होते. काही माहीत नसताना पोरगा नेमका दाराजवळच्या बाकापाशी उभा होता. दहावा शब्द त्याच्यावर पडला. बापासाठीची प्रार्थना त्यानं कशीबशी पुरी केली.

बाहेर आल्यावर म्हणाला, "मला वाटायचं, पप्पांना आमच्याकडे यायचंच नाही."

मी सरांची ताकीद मोडली. सगळं सांगितलं. तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "एकदा तरी बोलायचं होतं हो त्यांनी! मी आलो असतो."

मंगळवारी तो परत गेला. नोकरी, पोरं, काय करणार? घराची किल्ली डॅनियलकाकांना द्यायला माझ्याकडे ठेवून गेला होता, म्हणून शनिवारी मी सिनेगॉगच्या दारात गेले. आत मोजणं चालू होतं. सातवा शब्द, आठवा, नववा. काकांनी दाराजवळच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं आणि मोजणं तिथेच थांबलं. मी बाकापासून दोन हातांवर उभी होते. दहावा शब्द मला पाठ होता.