अण्णांची वाकडी नाव

आमची बायको म्हणते, "दर रविवारी पहाटे जाता, दुपारी येता. मासा आणलात तर एक, किस्से मात्र पिशवीभर!" खोटं कशाला बोलू, तसंच आहे. मासा काय, त्याच दिवशी कढईत जातो. किस्से घरात राहतात. टपरीवर एखादा सांगायला घ्यावा तर त्याचं बोट धरून दुसरा येतो. आता चहा सांगितलाच आहे तर ऐका.

आम्ही चौघं. मी सातपूरला टू-व्हीलर दुरुस्त करतो. दिनकर दिंडोरीचा द्राक्षवाला. अण्णा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. आणि कोंडाजी, तो खरा मासेमार. नाव त्याची, मासेमारीचा पास त्याचा आणि हुकूमही त्याचाच. जागा? त्र्यंबकेश्वरच्या बाजूला एका धरणाचं मागचं पाणी आहे, एवढंच सांगतो. गळ टाकणारा माणूस पत्ता देत नसतो!

होळी झाली की पाणी जरा कोमट व्हायला लागतं आणि मोठा मासा वरच्या थरात फिरतो. मग आम्ही काठावर बसत नाही. नाव अगदी हळू वल्हवायची, मागे पन्नास-साठ फूट दोरी सोडायची, टोकाला एक चकचकीत चमचा आणि गळ. चमचा लुकलुकत नावेमागून येतो. मोठ्याला वाटतं, छोटा मासा चाललाय. झडप घातली की हातातला रॉड वाकतो. बास, एवढंच शास्त्र.

*

चमचा म्हणजे खरोखरचा चमचा बरं का! स्वयंपाकघरातला. खोलगट भागाच्या दोन टोकांना भोकं पाडायची, दांडी कापून टाकायची.

एकदा पाडव्याच्या आधी दिनकर सहा चमचे घेऊन माझ्या गॅरेजमध्ये आला. घरातला नवा कोरा सेट. मी ड्रिलनं भोकं पाडून दिली. दांड्या रविवारी कापू म्हणाला आणि घरी जाऊन ते ओट्यावर ठेवून विसरला. वहिनीनं धुतले, पुसले, ट्रेमध्ये लावले.

पाडव्याला नवा जावई पहिल्यांदाच जेवायला. बेत बासुंदीचा! जावयानं चमचा भरून उचलला की तोंडाशी येईपर्यंत निम्मा. पांढऱ्या शर्टावर ठिपके. पोरगा संस्कारी, बोलतोय कशाला! खालून भोकांवर बोटं ठेवली आणि अख्खी वाटी संपवली.

हात धुताना हळूच दिनकरला विचारतो, "बाबा, तुमच्याकडे पाडव्याला अशीच पद्धत असते का?"

*

अण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली, ती काही अंगातून गेली नाही. नावेतही ड्रायव्हरच. वल्ही त्यांच्या हातात असली की नाव आखलेल्या रेघेसारखी सरळ जायची. वळताना हात बाहेर काढून इशारा द्यायचे. समोर पोहणाऱ्या म्हशी आल्या तर म्हणायचे, "साइड द्या, साइड!"

एका रविवारी दिनकरला यायला पाच मिनिटं उशीर झाला. धावत काठावर आला तर नाव निघालेली, फार तर चाळीस फुटांवर. हा डबा हलवत ओरडतोय, "अण्णा! ओ अण्णा! थांबा की!"

अण्णांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, "गाडी सुटली! पुढची रविवारी!"

आणि नाही म्हणजे नाहीच थांबले. दिनकरनं काठावर एकट्यानं सगळ्यांचा डबा खाल्ला.

*

मागच्या दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली नाही, पाय दीड-दोन महिन्यांत सुधारला. डावा हात मात्र तसाच राहिला. बोटं जेमतेम मिटायची, मिटली तर उघडायची नाहीत.

मी आणि दिनकर भेटायला गेलो तेव्हा अण्णांची बायको, सुमनवहिनी, त्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. आम्ही दारात दिसलो आणि अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अर्धा तास बसलो. निघताना एवढंच म्हणाले, "येत जाऊ नका रे. मला चांगलं वाटत नाही." जिन्यात दिनकर डोळे पुसत होता, माझीही तीच गत.

पुढच्या आठवड्यात कोंडाजी त्यांच्याकडे गेला. कसा? एसटीनं, खांद्यावर नावेचं वल्हं घेऊन! कंडक्टरनं विचारलं, "याचं तिकीट कोण काढणार?" हा म्हणाला, "रिटायर डायवरचं हाय, पास असंल त्याला."

अण्णांच्या खोलीत गेला, वल्हं पलंगाला लागून आडवं ठेवलं आणि म्हणाला, "ह्ये बी तुमच्यावानी आडवं पडून ऱ्हायलं हाय. म्हनलं, दोघांना एका जागंला ठिवावं." चहासुद्धा न घेता निघून आला.

आठ दिवस ते वल्हं तिथंच. वहिनी दोनदा अडखळल्या. नवव्या दिवशी अण्णांचा मला फोन, "हे धूड उचलून न्या इथून!"

मी म्हटलं, "ज्याचं आहे त्यानं तुम्हालाच आणून द्यायला सांगितलंय. नावेपर्यंत."

अण्णांनी आधी कोंडाजीला दोन शिव्या घातल्या. मग म्हणाले, "रविवारी किती वाजता?"

*

वहिनींना आम्ही सांगितलं, नुसते बसतील, हवा खातील. त्यांनी देवाला नमस्कार केला आणि पाठवलं.

नावेत बसल्याबरोबर अण्णा म्हणाले, "मी सामान म्हणून येणार नाही. वल्ही इकडे द्या."

कोंडाजीनं डावी मूठ वल्ह्याला फडक्यानं बांधून दिली. सुरू केलं. उजवा हात जोरदार, डावा नावाला! नाव निघाली ती डावीकडे वळत. दहा हात गेलं की अण्णा उजवं वल्हं थांबवायचे, डाव्यानं जीव खाऊन ओढायचे, नाव पुन्हा ताळ्यावर यायची. पुन्हा डावीकडे. सरळ रेघेचा माणूस, पाण्यावर जिलब्या घालत होता. कपाळावर घाम. आम्ही कुणी कुणाकडे बघत नव्हतो.

आणि रॉड वाकला! शिवडा मासा होता, चांगला हातभर. पंधरा मिनिटांत दुसरा. सकाळभरात पाच! आमच्या जन्मात एका रविवारी दोनच्या वर कधी मिळाले नव्हते.

मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या हातात जादू आहे!"

तर अण्णा भडकले. "दया दाखवू नका! आधीच गळाला मासे लावून आणलेत का?" मग स्वतःच हुकूम सोडला, "दिनकर, तू बस वल्ह्यावर. घाल एक फेरी."

दिनकर बैलासारखा दणकट. नाव सरळ सुटली. गेलो, आलो. काही नाही. पुन्हा अण्णा बसले, नाव वाकडी झाली, तिसऱ्या वळणाला रॉड वाकला.

तेव्हा कुठे कोंडाजीनं तोंड उघडलं. "नाव वळली का चमचा आतल्या अंगाला हळू व्हतो, बुडतो. सरळ झाली का पळतो. मासा त्यालाच भुलतो. सरळ चाललेला चमचा त्याला खोटा वाटतो. माझा बाप मुद्दाम असंच वाकडं वल्हवायचा."

अण्णा बघतच राहिले. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुमी डायवर! डायवरला रस्ता कोन सांगनार?"

झटक्यानंतर अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. उजवं वल्हं सोडून, पोट धरून. नाव आपोआप गोल फिरत होती.

*

त्यानंतर दर रविवारी वल्ही अण्णांच्याच हातात. त्यांचा व्यायाम घ्यायला एक मॅडम घरी यायच्या. त्या रोज बोटं दाबून बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "काका, हात झपाट्यानं सुधारतोय! घरी काही वेगळं करता का?" अण्णा म्हणाले, "छे, छे. झोपून असतो."

दिनकर नेमका तिथं होता. मॅडमना जिन्यापर्यंत सोडायला गेला आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, इनंती हाय. सुधरवा, पन एकदम नको. जरा दमानं. मे मह्यन्यापस्तोर तरी डावा हात थोडा कमीच ऱ्हाऊ द्या!"

मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन आठवडे त्या घरी गेला नाही.

*

हे सगळं वहिनींना कळलं ते फोडांमुळे. अण्णांचा डावा हात शेकताना त्यांना तळव्यावर दोन फोड दिसले. नावेत नुसती हवा खाणाऱ्या माणसाच्या तळव्याला फोड?

मला फोन आला. आधी रागावल्या, मग रडल्या, मग पुन्हा रागावल्या. "दवाखान्यात बाहेरच्या बाकावर चार दिवस मी काढलेत, तुम्ही नाही! त्या पाण्यात त्यांना पुन्हा काही झालं तर मी काय करू? सांगा ना, काय करू?"

अण्णा फोनच्या मागून म्हणत होते, "सुमन, एवढं एकच राहिलंय गं माझं."

शेवटी वहिनींनी निकाल दिला. "रविवारी मी येणार. डोळ्यांनी बघणार. नाही पटलं तर त्या दिवसापासून बंद. मग कुणी शब्द काढायचा नाही."

रविवारी अण्णांना लाइफ जॅकेट घरातूनच घातलं होतं. सातपूरपासून धरणापर्यंत गाडीत ते जॅकेट घालून बसले होते, सिग्नलला लोक बघत होते. वहिनी आयुष्यात कधी नावेत चढल्या नव्हत्या. चढल्या, अण्णांच्या पाठीमागच्या फळीवर बसल्या आणि जॅकेटचा मागचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. तो सुटेचना. अण्णा पुढे वाकून वल्हं ओढायचे, वहिनी मागे ओढायच्या. दिनकर म्हणाला, "मी काठावरच बरा."

फोडांमुळे मूठ बांधता येत नव्हती, अण्णांनी वल्हं नुसतंच धरलं होतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. एवढा घाबरलेला ड्रायव्हर मी कधी पाहिला नाही. दोन फेऱ्या झाल्या, काही नाही. वहिनींचे डोळे सगळा वेळ त्यांच्या डाव्या हातावर. तिसऱ्या फेरीला वारा सुटायला लागला आणि मी मनात म्हटलं, संपलं आता.

आणि रॉड असा वाकला की टोक पाण्यात! दोरी सरसरत बाहेर गेली. दहा-बारा मिनिटं मी झुंजत होतो आणि अण्णा वल्ही सांभाळत नावेचं तोंड माशाकडे फिरवत होते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मी न सांगता. मासा बाजूला आला तेव्हा वहिनी "अगं बाई!" म्हणून अर्ध्या उभ्याच राहिल्या, पट्टा धरूनच. खडस होता, म्हणजे महसीर. सोनेरी खवल्यांचा, माझ्या मांडीएवढा.

खडस आता फार उरले नाहीत, म्हणून धरला तरी ठेवायचा नाही, हा कोंडाजीचा नियम. गळ काढायचा आणि सोडायचा. पण दमलेला मासा तसाच टाकून दिला तर उलटा होऊन मरतो. शेपटीपाशी अलगद धरून पाण्यात उभा ठेवावा लागतो, त्याचा श्वास लागेपर्यंत. मी गळ काढला आणि शेपटीकडे हात नेला. कोंडाजी म्हणाला, "अण्णा, तुमी धरा. डाव्या हातानं. त्याला जोर नको असतो."

अण्णा नावेच्या काठावरून वाकले आणि डावा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. बोटं माशाच्या शेपटीभोवती आली. मासा आडवा होऊ बघत होता, त्यांनी त्याला सरळ धरलं. मागून वहिनींनी पट्टा आणखी आवळला.

वेळ गेला. माशाचे कल्ले उघडझाप करायला लागले. शेपूट हलली. एकदा, मग पुन्हा.

"अहो, सोडा ना आता त्याला," वहिनी हळूच म्हणाल्या.

अण्णा पाण्याकडेच बघत होते. म्हणाले, "तू आधी मला सोड."

कोंडाजीनं मान दुसरीकडे वळवली. वहिनींच्या हातातला पट्टा आधी एका हातातून सुटला, मग दुसऱ्यातून. अण्णांनी पाण्यात एक-एक बोट उघडलं, अंगठा सगळ्यात शेवटी.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "गेला?"

"गेला."

"आणि तुम्ही?"

"मी इथंच आहे की."