पुतणीची जागा

माझ्या पुतणीची नर्सिंगची जागा गेली ती माझ्यामुळं. सरकारमुळं नाही, समितीमुळं नाही, नशिबामुळं तर नाहीच. त्या वेळी आमच्या सगळ्या पाहुण्यांनी सरकारला शिव्या घातल्या. त्यांच्यात बसून मीही घातल्या, वर चहा प्यालो. ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. आम्ही मूळचे मंद्रूपच्या पुढचे, मेंढरं राखणारे. थोरला भाऊ अजून गावात आहे. थोडी कोरडवाहू जमीन, चाळीसेक मेंढरं आणि शेरडं. घरात शिकलो तो मी एकटा, आणि हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की ऐकणारे कंटाळले असतील.

पुतणी ही त्याची एकुलती एक मुलगी. तिनं इतिहास घेऊन बीए केलं. इतिहासाची आवड होती असं नाही. एसटीनं सकाळी जाऊन दुपारी परत येता येईल अशा कॉलेजात आर्ट्सच होतं. दहावीनंतर सायन्स घे म्हणून सांगू शकेल असा माणूस घरात एकच होता. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. आता वाटतं, तेव्हापासूनच मी असा होतो.

ती बीएच्या शेवटच्या वर्षाला असताना माझी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. सोलापुरात सरकारी दवाखान्यात तीन आठवडे होती. माझं घर तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर. मी रोज संध्याकाळी जायचो, स्टुलावर बसायचो आणि डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायचो. आईला पाठीला जखमा झाल्या होत्या. त्या धुवायला, कूस बदलायला, सगळं काढायला पुतणी. वॉर्डातल्या एका सिस्टरनं तिला ड्रेसिंग शिकवलं. मी ते दारातून बघितलं आणि परत व्हरांड्यात गेलो, कारण मला तो वास सोसत नव्हता. जीवशास्त्राचा मास्तर.

आई घरी गेली, बीएचा निकाल लागला, आणि एका रविवारी पुतणी माझ्याकडं आली.

"तात्या, मला नर्स व्हायचंय."

"बीए झाल्यावर?"

"मग काय झालं? बीए काय डाग हाय व्हय, निघणार न्हाय असा?"

मी तिला नियम सांगितले. बीएस्सी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. म्हणजे बारावी पुन्हा, मुक्त शाळेच्या बोर्डातून. त्यानंतर प्रवेश परीक्षा. दीड-दोन वर्षं जातील. तुझ्या वर्गातल्या मुलींची तोवर लग्नं होतील.

"होऊ द्या की. जेवायला जाईन मी," ती म्हणाली.

ती आमच्याकडं राहायला आली. माझ्या मुलीच्या खोलीत दुसरी गादी पडली. माझी मुलगी तिच्याहून दीड वर्षानं लहान. तिनं मेडिकलची परीक्षा तीनदा दिली होती. लातूरला क्लास, हॉस्टेल, टेस्ट सिरीज, सगळं झालं. तिन्ही वेळा थोडक्यात हुकलं. मग तिनंच एक दिवस सांगितलं, "पप्पा, बास आता," आणि साधी बीएस्सी धरली. ती सावरली. मी सावरलो नाही. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं तर 'रिसर्चला जायचं म्हणते' असं सांगायचो. तिनं तसं कधीच म्हटलं नव्हतं.

ते दीड वर्ष मात्र चांगलं गेलं, आणि मला राग येतो तो याचाही. मी तिला मनापासून शिकवलं. मुलगी तिला फिजिक्स शिकवायची. दोघी 'अक्का' आणि 'मास्तरीण' अशा हाका मारत भांडायच्या. नवी पेठेतून मी तिला पांढरा ॲप्रन आणला. रविवारी कॉलेजची लॅब उघडून प्रॅक्टिकल करून घेतली. कांद्याच्या मुळाची स्लाइड तिनं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तेव्हा बराच वेळ डोळा काढेना.

"काय दिसतंय?"

"तात्या, जल्मभर कांदा खुरपला. आत एवढी गडबड चाललेली असती ते म्हाईतच नव्हतं."

लोक बोलायचे. माझा एक सहकारी म्हणायचा, "काय सर, पानिपत संपलं, आता इंजेक्शन का?" गावाकडून भावाला टोमणे यायचे की पोरगी पदवी घेऊन परत बारावीत बसली, आता पुढच्या साली बालवाडीत घाला. मी त्यांना उत्तरं द्यायचो. तिची बाजू घ्यायचो. शिकवणारा, मोठ्या मनाचा काका म्हणून मिरवायला मला आवडत होतं. ती यशस्वी होईल असं मला वाटत नव्हतं, हे त्यात आलंच.

तिला सोलापुरातच, सरकारी कॉलेजात जागा मिळाली. आमच्या जातीच्या राखीव कोट्यातून. यादी मोबाईलवर आली तेव्हा माझी मुलगी तिला उचलून घरभर नाचली. बायकोनं साखर वाटली. मी बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळीच घातलेलं होतं. डोक्यात एकच वाक्य: माझ्या पोरीला जमलं नाही ते इतिहासवालीला जमलं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडं राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही. तो दाखला खरा आहे हे समितीनं तपासून वैधता प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते ठरलेल्या तारखेपर्यंत कॉलेजात पोचलं नाही तर जागा जाते. त्यासाठी जुने पुरावे लागतात, आजा-पणजाच्या शाळेची नोंद वगैरे. आमचा आजा मेंढरांमागं फिरणारा. त्याला कुठल्या शाळेनं नोंदवून घेतलं असतं? पण बापाकडच्या सख्ख्या नात्यातल्या कुणाला आधी वैधता मिळाली असेल, तर काम सोपं होतं. त्याचं प्रमाणपत्र जोडायचं, त्यानं शपथपत्र द्यायचं की ही माझ्या रक्ताची. आमच्या अख्ख्या घराण्यात असा कागद दोघांकडंच होता. माझ्याकडं, आणि माझ्यावरून काढलेला माझ्या मुलीकडं. दोन्ही एकाच फाईलमध्ये.

आपल्याच मुलीला, जिच्या तीन पिढ्या मेंढरांच्या वासात वाढल्या, तिला आपण कोण हे सिद्ध करायला काकाच्या कपाटाची किल्ली लागावी, या व्यवस्थेचा मला संताप येतो. पण त्या व्यवस्थेनं किल्ली माझ्या हातात दिली होती, आणि पुढचं मी केलं.

भाऊ स्वतः आला. पायातल्या वहाणा दाराबाहेर काढून आत बसला.

"बारक्या, तुजा त्यो कागुद लागतुय म्हनं पोरीला."

"हो, देतो की. फाईल बघावी लागेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पुतणीला सांगितलं, की माझं सर्व्हिस बुक पडताळणीला पुण्याला गेलंय, त्यासोबत फाईलही गेलीय. मास्तर लोकांचं सर्व्हिस बुक कुठंतरी गेलेलंच असतं, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. मुलीला मी वेगळं विचारलं, तुझं प्रमाणपत्र तुझ्याकडं आहे का? ती म्हणाली, तुमच्याच फाईलला आहे ना. म्हणजे तीही वाट बंद. फाईल कपाटात ठेवली तर बायकोला दिसेल, म्हणून ती मी रोजच्या कॉलेजच्या बॅगेत घालून फिरवत होतो. वर्गात टेबलावर बॅग, बॅगेत फाईल, आणि मी फळ्यावर आनुवंशिकता शिकवतोय.

स्वतःला काय सांगत होतो तेही लिहितो. आदल्या साली जत्रेत बोकडाची मानाची मुंडी भावानं मला न देता चुलत भावाच्या ताटात वाढली होती. नोकरीला लागल्यापासून ती मला मिळायची. चारचौघांत माझा अपमान झाला, आता थोडं कळू दे त्यांना, असं मी मनात घोकत होतो. एका बोकडाच्या मुंडीसाठी. आणि तेही खरं कारण नव्हतं. खरं कारण वर लिहिलंय.

पुतणीनं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"तात्या, पुण्याला मीच जाऊन आणू का? फकस्त हापिसाचा पत्ता द्या."

"असं कुणालाही देत नाहीत गं. मी फोन करतोय ना."

कधी कधी मुदतवाढ मिळते. त्या साली मिळाली नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिनं पुस्तकं पोत्यात भरली आणि गावी गेली. पाहुण्यांनी सरकारला शिव्या घातल्या त्या दुसऱ्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीला स्टेपलर हवा होता. तिनं माझी बॅग उघडली. मी पेपर वाचत होतो. तिनं फाईल माझ्या समोरच्या टीपॉयवर ठेवली आणि उभी राहिली.

"पप्पा, हे पुण्याहून कधी आलं?"

मी म्हणालो, "काल."

"कालचा शिक्का कुठाय?"

मी पेपरची घडी घातली. ती म्हणाली, "माझ्यासाठी केलं असं मात्र कुणाला सांगू नका. मला त्यात ओढू नका." आणि आत गेली. त्यानंतर कितीतरी महिने ती माझ्याशी फक्त गॅस संपला, पाणी आलं, एवढंच बोलायची. तेव्हाही फाईल घेऊन गावी जायला मला कुणी अडवलं नव्हतं. जागा गेली होती, पण पुढच्या सालासाठी कागद उपयोगी पडला असता. मी गेलो नाही. गेलो असतो तर उशिरा का आला ते सांगावं लागलं असतं.

पुतणीनं कागदाची वाट बघितली नाही. तिनं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून तिच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळी मेंढरं कुठं कुठं बसायची त्या गावांची यादी केली, आणि एकेका गावची शाळा धरली. हेडमास्तर हसायचे म्हणे, मेंढपाळाची नोंद शाळेत शोधतीस व्हय. पण एका गावात पावसाळाभर कळप थांबला होता, आणि आजोबांच्या धाकट्या भावाला कुणीतरी एक हंगाम शाळेत बसवलं होतं. रजिस्टरमध्ये नाव, जात, पुढं शेरा: गैरहजर. त्या नोंदीवर तिनं अर्ज भरला. इतिहासवालीला बरोबर माहीत होतं, जुना कागद कसा शोधायचा ते.

त्या अर्जाला वंशावळ जोडावी लागते. तिनं माझं नाव लिहिलं, आणि पुढं खरं तेच लिहिलं, की यांना वैधता आहे, परंतु प्रमाणपत्र उपलब्ध झालं नाही. म्हणून चौकशीला समितीचे एक गृहस्थ माझ्या घरी आले. सभ्य माणूस. पाणी प्यायले आणि विचारलं, "सर, तुमचं प्रमाणपत्र द्यायला काही अडचण?"

ही दुसरी संधी होती. बॅग माझ्या पायाशी होती, फाईल परत तिच्यातच.

मी म्हणालो, "गहाळ झालंय."

त्यांनी तसं लिहून घेतलं. सही केली मी. मराठीत, नीट, पूर्ण नावासकट. पहिल्या वेळचं मी एखाद्या वेळी मत्सर म्हणून सोडून देईन. या सहीला काय म्हणायचं, मला अजून सापडलेलं नाही.

तिला वैधता मिळाली, माझ्याशिवाय. तिनं परीक्षा पुन्हा दिली. या वेळी गुण थोडे कमी पडले आणि जागा लागली ती लांब विदर्भात. सोलापुरात राहून, आठवड्याला घरी जाऊन शिकली असती ती मुलगी आता सुट्टीला एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवास करते.

दिवाळीला ती आल्याचं कळलं तेव्हा मी गावी गेलो. ती अंगणात कपडे पिळत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बॅग, पुणं, गहाळ, सगळं. तिनं चादर झटकून दोरीवर टाकली.

"मला म्हाईत हाय, तात्या. तुमच्या पोरीनं त्याच आठवड्यात फोन केलावता. तिचा कागुद देती म्हनाली, मीच नगं म्हनलं."

"मग बोलली का नाहीस? इतके दिवस?"

"तुमी बोलताय का ते बघत हुते." तिनं चादरीची टोकं सारखी केली. "मला सांगितलंत. आता आबास्नी सांगा. त्येनला म्हाईत न्हाय. त्येनी अजूनबी सरकारला शिव्या देत्यात."

आबा, म्हणजे माझा भाऊ, मेंढरांच्या जाळीच्या वाघरीजवळ बसून एका शेळीचं खूर कापत होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. शेळी त्याच्या गुडघ्यात दाबलेली. मी बोलत असताना त्यानं चारातला एक खूर पूर्ण केला, दुसरा अर्ध्यावर सोडला. शेळी सुटून पळाली.

"मुंडीपायी?" तो म्हणाला.

"नाही. माझ्या पोरीला जमलं नाही म्हणून."

तो सुरी पायजम्याला पुसू लागला. मग उठला. मला वाटलं मारतोय. मारलं नाही.

"आईच्या वक्ताला तू स्टुलावर बसून गेलास, तवाबी म्या गप बसलू. म्हनलं शिकलेला हाय, त्याला जमायचं न्हाय. आज गप बसत न्हाय. ऊठ. पोरगी नर्स झाली की ये. तवर ह्या वस्तीवर पाय ठिवू नगं."

"दादा..."

"ऊठ म्हनलं ना."

मी उठलो. एसटीला अजून वेळ होता, पण थांब्यावर जाऊन उभा राहिलो. पुतणी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कोर्स चार वर्षांचा असतो. हे तिला मीच सांगितलं होतं, आमच्याच घरात, नियम समजावताना.