दोन बेस आणि एक टँकर

मी कॉलेजात विज्ञान घेतलं होतं. पुरं केलं नव्हतं, पण ही माहिती मी कुणी विचारल्याशिवाय देत नसे आणि कुणी विचारतही नसे.

तेव्हा आमची वसाहत शहराच्या अगदी कडेला होती. पलीकडे शेंद्र्याच्या बाजूला कारखाने वाढत होते, आमच्याकडे प्लॉट वाढत होते, आणि पाणी मात्र टँकरनं यायचं. ऐन उन्हाळ्यात चौदा एप्रिलची जयंती. त्या वर्षी बायकांनी भांडून मिरवणुकीचा साउंड पुरुषांकडून घेतला. अट एकच: मधे आवाज बंद पडला तर पुढच्या वर्षी साउंड परत त्यांच्याकडे. साउंडवर कोण बसणार? विज्ञानवाली बसणार. मीच तसं सांगितलं.

सकाळी टँकर आला तेव्हा मी एका बाईशी कडाडून भांडले. टँकरच्या टाकीला तिनं दुसरा पाइप लावला होता. "दोन तोंडं लावली की टाकी दुप्पट वेगानं रिकामी होते, कळत नाय व्हय?" तिनं दुसरा पाइप काढून घेतला. काय तो माझा रुबाब.

दुपारी टेम्पोवर अँप्लिफायर चढवला. पाठीवर लिहिलं होतं, चार ओहमच्या खाली भार लावू नये. आमच्याकडे एक सबवूफर होता, ज्याला सगळे बेसच म्हणायचे. तो चार ओहमचा. मी शेजारच्या वसाहतीतून तसाच दुसरा मागून आणला. तोही चारचाच. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, पण ही मी जुळवली. दोन्ही बेसच्या लाल तारा अँप्लिफायरच्या लालला, काळ्या काळ्याला.

थोरल्या जाऊबाई वाकून बघत होत्या. "दोन्ही संगं लावल्यावर बी चारच राहतं का गं?"

"अक्का, प्रत्येकावर चारच लिहिलंय."

"मी लिहिल्यालं नाय इचारलं."

मी दयाळूपणे हसले. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या गालावर एक द्यावीशी वाटते.

सुरुवातीला बेस असा वाजला की दारांच्या कड्या थरथरल्या. चौकात पोचलो, बायकांनी फेर धरला, आणि जळका वास आला. अँप्लिफायरवर लाल दिवा लागला. आवाज गप्प. चहाच्या गाड्यावरची पुरुषमंडळी कशी खुलली म्हणता.

"काय वहिनी, गाण्याचा बी दुष्काळ का?"

मी बटणं दाबत सुटले. चेहरा असा, जणू सगळं ठरल्याप्रमाणं चाललंय. अक्का टेम्पोवर चढल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "सकाळी ज्याच्यावरून त्या बाईला शिव्या घातल्यास, तेच केलंस की. एका टाकीला दोन पाइप."

झालं. शेजारी शेजारी जोडलेले चार आणि चार म्हणजे दोनच ओहम, म्हणजे विजेला अडथळा निम्मा. वाट दुप्पट मोकळी, वीज दुप्पट ओढली जाते, आणि बिचारा अँप्लिफायर तापून हात टेकतो. पुस्तकातलं हे सूत्र मला तोंडपाठ होतं. उपयोगाच्या वेळी ते कॉलेजातच राहिलं.

वीज तोडली. अँप्लिफायर निवेपर्यंत लेझीमवाल्या मुलींनी हलगीवर चौक सांभाळला. मग तारा सोडून रांगेत जोडल्या: अँप्लिफायरच्या लालमधून पहिला बेस, पहिल्याच्या काळ्यातून दुसऱ्याचा लाल, आणि दुसऱ्याचा काळा माघारी. चार अधिक चार, आठ. आवाज थोडा उतरला, पण मिरवणूक संपेपर्यंत टिकला.

"आवाज बसलाय," एक भावजी म्हणाले.

"बसला नाय, जपून बोलतोय. तुम्ही बी शिका," अक्का म्हणाल्या.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत पुरुषांनी त्या अटीचा विषय काढला. बायकांनी सांगितलं, बंद पडला तो आराम होता, शेवटपर्यंत वाजवला तो साउंड. बोलाचाली झाली, पण साउंड आमच्याकडेच राहिला. फक्त टेम्पोवर अक्कांना बसवलं.

मला टँकरची रांग दिली. पाइपातलं मला नीट कळतं म्हणे.