बोटाचा खळगा

पीठ फुगलं की नाही, हे तो डोळ्यांनी बघायचाच नाही. परातीवरचं ओलं फडकं बाजूला सारायचं, तर्जनी पहिल्या पेरापर्यंत पिठात रुतवायची आणि काढून घ्यायची. खळगा लगेच भरून आला तर पीठ अजून कच्चं. तसाच राहिला तर वेळ टळली, पीठ बसलं. आणि झोपेतून उठणाऱ्या माणसासारखा आळोखेपिळोखे देत सावकाश वर आला, की हात झटकून म्हणायचा, "तयार आहे. घाला भट्टीत!"

घालणारं दुसरं कुणी नव्हतंच. भट्टी त्याची, लांब दांड्याचं फावडंही त्याचंच. पण हुकूम सोडल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. आतून बायको ओरडायची, "ऐकलं हो सेनापती! सैन्य अजून दात घासतंय."

गल्लीच्या तोंडाशी दुकान, दुकानामागं भट्टी, आणि भट्टीच्या भिंतीला चिकटून राहायच्या दोन खोल्या. थंडीत ती भिंत उशाशी घेऊन घर झोपायचं, उन्हाळ्यात तिच्याकडं पाठ करून. एकुलती एक मुलगी त्या उबेतच वाढली, लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेली, आणि तिथं गेल्यावर तिला कळलं की सगळ्यांच्या भिंती गरम नसतात.

दुकान बायको सांभाळायची. तो पहाटेपासून दुपारपर्यंत भट्टीपाशी, आणि दुपारनंतर सरकारी दवाखान्यात. म्हणजे आजारी म्हणून नव्हे. दोन टोपल्या पाव घेऊन जायचा आणि वॉर्डाबाहेर बाकांवर बसलेल्या नातेवाइकांना वाटायचा. पाव संपले तरी निघायचा नाही. कुणाची ट्रॉली ढकल, कुणाला एक्स-रेची खोली दाखव, ज्याचं कुणीच आलं नाही त्याच्या उशाशी बस. तिथं त्याला सगळे पावकाका म्हणायचे. कुणी बाई पोट धरून बसलेली दिसली की तो तिच्या नवऱ्याला झापायचा, "कधीपासून दुखतंय? आणि आज आणता? दुखणं अंगावर काढायला ती काय शाल आहे?"

घरी आला की जेवायच्या आधी बायकोचे पाय दाबून द्यायचा. दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून यायचे. ती स्टुलावर पाय ठेवायची आणि त्या दिवशी कोणत्या गिऱ्हाइकानं काय तारे तोडले ते सांगायची. त्याच्या दवाखान्यातल्या गोष्टीही ऐकायची. स्वतःच्या दुखण्याखुपण्याचं मात्र काढायची नाही. मुलीनं एकदा छेडलं तेव्हा म्हणाली, "अगं, तो माणूस दिवसभर आजारच बघून येतो. घरी आल्यावर पुन्हा काय दाखवू, नवीन वॉर्ड?"

एका संध्याकाळी पाय जरा जास्तच सुजलेले होते. घोट्याचं हाड दिसेना. त्यानं सवयीनं तर्जनी रुतवली, काढली. खळगा पडला, आणि सावकाश, अगदी सावकाश भरून आला.

"वा!" तो म्हणाला. "तयार आहे. घाला भट्टीत!"

मुलगी आलेली होती, ती हसून लोळली. बायकोनं दुसऱ्या पायानं त्याच्या गुडघ्यावर लाथ हाणली. "मेल्या, बायको आहे मी, पावाची लादी नव्हे."

पुढं हा रोजचाच खेळ झाला. संध्याकाळी ती पाय पुढं करून विचारायची, "झालं का तयार?" आणि तो बोट लावून निकाल द्यायचा. पिठात जे शुभ, ते पायातही शुभच असणार, असं काही त्यानं मनाशी ठरवलं नव्हतं. पण इतकी वर्षं तो सावकाश भरणारा खळगा बघून त्याचा जीव सुखावत आला होता. तसा तो तेव्हाही सुखावला.

मग ती अर्ध्या जेवणावरून उठायला लागली. म्हणाली, "पावाला लोखंडाची चव येतेय हो. साचे बघा जरा."

त्याला ते लागलं. पावाला नाव ठेवलेलं त्याला खपायचं नाही, आणि ठेवणारी तर घरचीच. सगळे साचे काढून त्यानं राखेनं घासले, उन्हात वाळवले, तेलाचा हात फिरवून भट्टीत तापवले. चेहरा दिसावा असे लख्ख. नवीन पाव तिच्या हातात दिला.

तिनं एक घास खाल्ला. "आता बरा आहे," म्हणाली, आणि उरलेला पदराखाली लपवला. तो दुसऱ्या दिवशी मुलीला उशीमागं सापडला. तोवर शेजारची मावशीही दुकानात येऊन सांगून गेली होती, "पावाला काही झालेलं नाही रे बाबा. उगाच भांडी काय घासतोस?" तरीही त्यानं साचे पुन्हा एकदा घासले.

पुढं एका सकाळी गिऱ्हाइकाला पाव बांधून देता देता ती धापा टाकत खालीच बसली. रिक्षात घालून त्यानं तिला दवाखान्यात नेलं, त्याच्याच दवाखान्यात. दारावरचा शिपाई म्हणाला, "काका, आज सकाळीच? आणि टोपल्या कुठंयत?" मग रिक्षाच्या आत बघून ट्रॉली आणायला धावला.

डॉक्टरीणबाई वयानं त्याच्या मुलीएवढी. रोज त्याच्या टोपलीतला पाव उचलून पळणारी. तिनं पायावर अंगठा दाबला, खळग्याकडं बघितलं, पापण्या ओढून बघितल्या.

"काका, ही सूज कधीपासून?"

सांगायचं तर तो सगळा खेळ सांगावा लागला असता.

"तोंडाला चव कशी आहे?"

"लोखंडाची," मुलगी म्हणाली.

"दोन्ही किडन्या गेल्यात, काका," रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाली. "यांना आधी आणलं असतं तर..." आणि समोर कोण उभं आहे हे आठवून तिनं वाक्य अर्ध्यावर सोडलं. "तुम्ही तर रोज इथंच असता ना," हे ती म्हणालीच नाही. पण त्यानं ते ऐकलं.

मशीन लावून रक्त धुऊन बघितलं. तेही तिच्या काळजाला झेपेना. मशीन चालू झालं की छाती धडधडायची, म्हणून थांबवावं लागायचं. तो बाहेरच्या बाकावर बसायचा, जिथं पाव वाटायचा त्याच बाकावर. ओळखीच्या सिस्टर येता-जाता खांद्यावर हात ठेवायच्या. तो वर बघायचा नाही.

एकदा दुपारी तिनं पांघरुणातून पाय बाहेर काढला.

"बघा बघू. झालं का तयार?"

"झोप तू."

"बघा म्हणते ना."

त्यानं बोट लावलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. तो वाट बघत बसला. खळग्याच्या तळाशी त्याच्या बोटाच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

"नाही अजून," तो म्हणाला. "कच्चं आहे. वेळ आहे."

ती हसली. "इतकी वर्षं दुकानात काय माशा मारत बसले होते का मी? मला कळत नाही? बसलंय ते." आणि त्याचा चेहरा बघून म्हणाली, "अहो, थट्टा तुम्हीच सुरू केली होती. आता रडता काय?"

तिचं असं बोलणं हे शेवटचंच.

स्मशानातल्या दाहिनीवरचा माणूस साधा, घामेजलेला, भुवयांवर राखाडी धूळ बसलेला. लोखंडी दाराची कडी त्यानं फडक्यात धरली होती. भट्टीची कडी तशीच धरावी लागते. रोजचंच काम, रोजचाच प्रश्न. त्यानं मागं वळून विचारलं, "तयार आहे ना सगळं? घालू?"

पावकाका त्या कडीकडंच बघत राहिला. माणसानं पुन्हा विचारलं. शेवटी मुलीनं मान हलवली.

त्यानंतर दुकान बंदच राहिलं. दवाखान्यातून सिस्टरचा निरोप आला, बाकांवरची माणसं पावकाकाची वाट बघतात म्हणून. "उद्या येतो," असं तो त्या निरोप्याला म्हणाला, आणि प्रत्येक निरोप्याला हेच म्हणत राहिला. अखेर मुलगीच एका पहाटे आली. पीठ मळलं, भट्टी पेटवली, टोपल्या पुसून ठेवल्या. त्याला हाताला धरून परातीपाशी आणलं.

"बाबा, बोट लावून बघा ना. झालंय का?"

त्यानं हात पाठीमागं नेले.

"तूच बघ."

"मला नाही कळत. तुम्ही कधी शिकवलंत? नुसते ओरडायचात." तिनं हसायचा प्रयत्न केला. "एकदा ओरडा की. मी आहे ना घालायला."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. भिंत तापत चालली होती. फडक्याखाली पीठ फुगत गेलं, परातीच्या काठावर आलं, फडक्याला चिकटलं. मुलगी त्याच्या तोंडाकडं बघत होती. तो परातीकडं बघत होता. बाहेर मावशीनं दुकानाच्या फळीवर थाप मारली. "काय रे, झाले का पाव?"

थोड्या वेळानं फडकं मधोमध खाली गेलं, आणि खालीच राहिलं.