तोंडं दिसली पायजेत

आमच्या गावचा सूर्य रोज माझ्या माहेरी मावळतो.

माझं सासर वडगाव रासाईचं, म्हणजे भीमेच्या अलीकडं, शिरूर तालुक्यात. नदीपलीकडं दौंड तालुका, आणि सूर्य जिथं टेकतो त्या अंगाला कासुर्डी, माझं माहेर. त्यामुळं अंधार पडला की आमचे हे न चुकता म्हणतात, "घेतला बघ तुझ्या माहेरच्यांनी आमचा सूर्य." (लग्नात ह्यांना अंगठी घट्ट झाली होती. तो राग अजून असा निघतो.)

तर त्या सूर्यासमोर बसवून सासू-सासऱ्यांचा फोटो काढायचा, असं मी ठरवलं. कारण मी मोबाइल फोटोग्राफीचा ऑनलाइन क्लास लावला होता. क्लासचे सर सांगायचे, "मावळतीच्या पुढं माणूस बसवला की माणूस काळा येतो. म्हणून त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, बाजूला छोटा सूर्य येईल, तो वर सरकवा." हे मला इतकं पाठ झालं होतं की भाकरी थापतानाही माझं बोट आपोआप वर सरकायचं. भाकरी एका अंगाला जाड व्हायची, पण विद्या म्हटली की एवढं चालायचंच!

फोटोची मागणी मात्र आईंची होती, म्हणजे सासूबाईंची. नवीन घराची वास्तुशांती जवळ आली होती आणि हॉलच्या भिंतीवर दोघांचा फोटो लावायचं त्यांच्या मनात होतं. कारण उभ्या संसारात दोघांचा एकत्र असा फोटोच नव्हता. लग्नातला एक होता, पण त्यात आईंचं तोंड मुंडावळ्यांमागं आणि आबांच्या तोंडापुढं कुणातरी मामाचा फेटा.

"मला दुसरं काय बी नको," आई म्हणाल्या. "फकस्त दोघांची तोंडं दिसली पायजेत. दुपारी काढ की, लख्ख उजेड असतोय."

"आई, दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळं येतं. मावळतीचा उजेड मऊ असतो."

"मऊ असू दे न्हाईतर कडक. तोंडं दिसली पायजेत."

अवघड होते ते आबा. आमचे आबा रस्त्यानं चालले तर आईंच्या चांगले पुढं चालतात. जीपमध्ये आबा पुढं, आई मागं. लग्नाच्या मांडवात कुणी म्हटलं, "आबा, वहिनींशेजारी बसा," तर आबा उठून थेट आचाऱ्याजवळ जाऊन उभे राहतात. त्यांनी अट घातली, "नदीवरच्या मोटारीपाशी काढायचा असंल तर येतो. संध्याकाळी थ्री फेज लाईट कवा येईल, नेम न्हाई." एकदा लाईट आली की पंप आपोआप चालू करणाऱ्या ऑटोवर ठेवून मोटार जळाली, तेव्हापासून आबा बटण स्वतःच्या बोटानं दाबतात. आबांचा देवावर विश्वास आहे, ऑटोवर नाही.

पहिल्या संध्याकाळी दोघं काठावरच्या दगडावर बसले, मध्ये तिसरा माणूस ऐसपैस मावेल एवढी जागा सोडून. मागं आभाळ असं काही पेटलं होतं की मी चेहरे विसरले आणि बोट आभाळावरच टेकवलं. घरी येऊन फोटो दाखवला. नदी सोन्याची, ढग केशरी, आणि मधोमध दोन काळे गोळे.

आईंनी चष्मा लावला. "ह्यातली मी कंची?"

"ह्या डावीकडच्या तुम्ही. आणि टोपीवाले ते आबा."

"ते व्हय? मला वाटलं, मोटारीची पेटी हाय."

रात्री मी ॲपमध्ये उजेड वाढवत बसले. वाढवता वाढवता आबा जिलबीच्या रंगाचे झाले आणि तोंडावर रवा सांडल्यासारखे दाणे आले. आई बघून म्हणाल्या, "ह्यांना कावीळ झाली व्हती तवा बी असे दिसत नव्हते."

मग सरांनी सांगितलं होतं तसं समोरून उजेड परतवायचं ठरलं. विकतची वस्तू कुठली आणायची, मी कणीक मळायची स्टीलची परात घेतली आणि ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी परात सूर्याकडं धरली, तर ऊन वळून बरोब्बर आबांच्या नाकावर! बाकी आबा काळे, नाक तेवढं लखलखीत.

"डोळं फोडतोस का लेका?" आबा ओरडले.

ह्यांनी दचकून परात फिरवली. तो झोत आईंच्या कानावरून गेला तो पलीकडं बांधलेल्या म्हशीच्या डोळ्यांत. म्हशीनं दावं तोडलं आणि ती उसात घुसली. हे परात टाकून तिच्यामागं, आणि परात घरंगळत नदीकडं.

"आधी परात धर गं!" आई म्हणाल्या.

"आधी म्हस!" आबा म्हणाले.

आधी फोटो धर, असं कुणीच म्हटलं नाही. म्हैस सापडली, परातीला पोचा आला. त्या दिवसापासून आमच्याकडं कणीक एका कोपऱ्यात गोळा होते.

वास्तुशांती परवावर आली. शेवटचा प्रयत्न म्हणून नव्या फ्रिजच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल नेला. आणि काय सांगू, जमलं! थर्माकोलवरून असा मऊ उजेड आला की आईंच्या तोंडावरची प्रत्येक सुरकुती हसायला लागली. आबासुद्धा बरे दिसत होते. मी चेहऱ्यावर बोट टेकवलं, छोटा सूर्य वर सरकवला, आता दाबणार, तोच मोटारीच्या खोलीतला बल्ब लागला.

"लाईट आली," आबा म्हणाले आणि गेले.

"आबा, एक मिनिट! सूर्य चाललाय!"

"सूर्य उद्या बी येतोय. लाईटीचं काय खरं न्हाई."

ह्यांना माझी दया आली. थर्माकोल मोटारसायकलला टेकवून ते आबांच्या जागी बसले. "तू उजेड तरी बघून घे," म्हणाले आणि आईंच्या खांद्यावर हात टाकला. आई लाजून हसल्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो तो. आकाश जिथल्या तिथं, चेहरे उजळ, पदराची किनारसुद्धा दिसतेय. फक्त नवरा चुकीचा! आबा भिजलेलं धोतर सावरत परत आले तोवर सूर्य कासुर्डीत पोचला होता.

मग मी जे केलं ते क्लासच्या शेवटच्या धड्यात होतं. आबा चहा पितानाचा खिडकीजवळचा एक छान फोटो माझ्याकडं होता. त्यातलं टोपीसकट डोकं कापलं आणि ह्यांच्या मानेवर बसवलं. पांढरा शर्ट दोघांचाही, कमरेखालचं कापून टाकलं. अडचण एकच, ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ. आबांनी जन्मात घड्याळ घातलेलं नाही. ते पुसायला मला अर्धी रात्र लागली. एक एक ठिपका कातडीच्या रंगाचा केला. शेवटी घड्याळ असं नाहीसं झालं की मी स्वतःचीच पाठ थोपटली. शिरूरहून मोठ्ठी फ्रेम करून आणली, कागदात गुंडाळलेलीच ठेवली. म्हटलं, पाहुण्यांच्या समोरच उघडू.

उघडली. हॉल भरलेला. दोघांची तोंडं लख्ख दिसत होती. आई पदर तोंडाला लावून बघतच राहिल्या. मी कौतुकाची वाट बघत उभी होते.

आबांची धाकटी बहीण, आत्याबाई, पुढं झाल्या. "दादा, तू हात कुठं ठिवलायस रं?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. घड्याळ पुसायच्या नादात ते घड्याळ ज्या हातावर होतं तो हात कुठं आहे, हे मी बघितलंच नव्हतं! मांडवात शेजारी न बसणारे आमचे आबा अख्ख्या भावकीपुढं, मावळत्या सूर्याच्या साक्षीनं, बायकोच्या खांद्यावर हात टाकून बसले होते.

गुरुजींनी मंत्र थांबवले. माझे वडील, आण्णा, कासुर्डीहून आले होते. व्याह्यांना चिडवायची संधी ते कशाला सोडतात? "आबासाहेब, सूर्य आमच्या गावाला आला की तुमचं हिकडं असं चालतंय व्हय?"

आबांनी स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला. मग ठामपणे म्हणाले, "ह्यो हात माझा न्हाई."

"मग वहिनीच्या खांद्यावर कुणाचा हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

हॉलमध्ये जो हशा उठला! शेवटी ह्यांना पुढं होऊन सांगावं लागलं, "आत्या, माझा हाय." मग बायका परत हसल्या. आबा जे उठले ते सरळ आचाऱ्याजवळ जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी मला रडूच आलं. "आई, चुकलं माझं. उद्या खाली काढते."

"राहू दे," आई म्हणाल्या. "तोंडं दिसत्यात की." मग फ्रेमवरून पदर फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हात बी त्यांचाच असता तर बरं झालं असतं, एवढंच."

आबा दारात चप्पल काढत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

पण आठवड्याभरानं एका संध्याकाळी आबा धुतलेली टोपी घालून अंगणात उभे. "सूनबाई, मोबाइल घे. आन् हिलाबी बोलाव."

आम्ही नदीवर गेलो. दोघं त्याच दगडावर बसले. तेवढ्यात बल्ब लागला. मी हताश होऊन मोबाइल खाली केला.

"लाईट आली, आबा."

"येऊ दे," आबा म्हणाले. "मोटार काय पळून जात न्हाई."

मग त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि तापलेल्या तव्याला लावावा तसा हात आईंच्या खांद्यावर ठेवला. आईंनी मान खाली घातली. माझे डोळे असे भरून आले की समोरचं सगळं धूसर. मी बोट टेकवलं आणि दाबलं.

"निघाला?"

"निघाला, आबा."

"परत न्हाई हां," असं म्हणून आबा मोटारीकडं गेले.

घरी येऊन बघितलं. आभाळ अप्रतिम. भरल्या डोळ्यांनी मी बोट आभाळावरच टेकवलं होतं! मधोमध दोन काळ्या आकृत्या, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात. तोंडाचा पत्ता नाही. एवढा क्लास लावून मी पहिल्या दिवशी होते तिथंच होते.

आबांनी मोबाइल लांब धरून बराच वेळ फोटो बघितला. "हॉलमध्ये ह्यो लाव," म्हणाले. "ह्यात कोण हाय ते कळत न्हाई."

"मला कळतंय की," आई म्हणाल्या.

आता तोंडं दिसणारा फोटो आईंच्या खोलीत आहे आणि हॉलमध्ये काळा. आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढं थांबतो आणि विचारतो, "हे असं काळं का हो आलंय?" आबा चहाची बशी खाली ठेवतात आणि अभिमानानं सांगतात, "आमच्या सूनबाईनं काढलाय. त्यासाठी क्लास लावला व्हता तिनं."