बिनरंगाची स्लाइड

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘शंकेखोर ताई’ म्हणत. नवरा तर सांगायचा, “बोहल्यावर उभी राहूनही हिनं मला दोनदा नाव विचारलं.”

बावीस वर्षं ती रक्तातल्या पेशींना रंग चढवत होती. हा रंग फक्त आजारी पेशींना चिकटतो आणि ठराविक प्रकाश पडला की हिरवा चमकतो. त्या प्रकाशासाठी जुन्या यंत्रात पाऱ्याचा दिवा होता. तापायला वेळ घ्यायचा, पण ताईला त्याची नस ठाऊक होती.

मग लेसरचं यंत्र आलं. इंजिनिअरनं ते सुरू केलं आणि पडद्यावर पेशी झगमगल्या. डॉक्टर हरखले. ताईच्या कपाळावर मात्र आठी.

पहिल्याच आठवड्यात नऊपैकी सात नमुने आजारी निघाले. एरवी दोन निघाले तरी पुष्कळ.

“डॉक्टर, कुठंतरी पाणी मुरतंय.”

“अहो, दिव्याला दिसत नव्हतं ते लेसरला दिसतंय. तुमचं म्हणजे सावलीलाही ओळखपत्र विचारायचं!”

ताईचं मन खात राहिलं. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर तिनं स्वतःचं बोट टोचलं, रक्ताची स्लाइड केली आणि रंगाचा थेंबही न लावता यंत्राखाली सरकवली.

पडदा हिरवागार!

ती धावत डॉक्टरांना घेऊन आली. ते पडद्याकडे बघून म्हणाले, “इंजिनिअरला बोलवा.”

इंजिनिअर आला, खजील झाला. पेशी उठून दिसाव्यात म्हणून त्यानं लेसर पूर्ण जोरावर ठेवला होता, कमी करायचा राहून गेला. पेशींना स्वतःचीही अंधूक चमक असते. एवढ्या झोतात तीच रंगासारखी दिसत होती.

सातही नमुने पुन्हा तपासले. खरे आजारी दोघंच. उरलेल्या पाचांपैकी एका शिंप्याला मात्र आधीच आजार सांगून झाला होता. ताईनं त्याला बोलावून घेतलं.

“काल आजारी, आज ठणठणीत?” तो उसळला. “आजचं तरी खरं कशावरून?”

ताईला त्याचा राग आला नाही. तिनं खुर्ची ओढली. “बसा दादा. आधी रंग न लावलेली स्लाइड दाखवते, मग तुमची. पटेपर्यंत विचारा.”

शिंपी तासभर विचारत होता.