पहिल्या दिवशी पूर्ण उत्तर नाही

कट्टा बंद करायचा निरोप आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होते. कट्टा म्हणजे इंटरनेटवरचा. हौसेने प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मराठी माणसांची ती जागा. कुणी बँकेतला, कुणी दुकानदार, कुणी माझ्यासारखी नाशिकरोडची गणिताची बाई. पोटासाठी लिहिणारा एखादाच. प्रश्न मराठीत विचारायचा, उत्तर मराठीत द्यायचं, एवढीच अट. ज्या गृहस्थाने तो सुरू केला आणि पदरमोड करून चालवला तो आता बंगळूरला असतो. त्याने लिहिलं होतं, "कुणी येत नाही. दिवाळीपर्यंत बघतो, मग बंद करतो."

मला राग लवकर येतो, हे माझ्या वर्गाला जूनमध्येच कळतं. मी लाल पेन खाली ठेवलं आणि त्याला कळवलं की दिवाळीपर्यंत कट्टा माझ्याकडे द्या, मी बघते. काय बघणार होते ते मलाही माहीत नव्हतं.

पण सोडायचा नव्हता. चाळिशी उलटल्यावर मी प्रोग्रॅमिंग शिकले ते या कट्ट्यावर. आमच्या शाळेचं वेळापत्रक दर वर्षी मी पट्टी-पेन्सिल घेऊन करायचे. एकच शिक्षक एका तासाला दोन वर्गांत जाऊ नये, यात नाकी नऊ यायचे. हे काम कॉम्प्युटरकडून करून घेता येईल का, असं मी भीत भीत विचारलं होतं. घरी नवरा हसला होता. कट्ट्यावर कुणी हसलं नाही. म्हणजे हसले, पण माझ्याबरोबर. सटाण्याचा एक मेडिकलवाला म्हणाला होता, "बाई, सोपं हाय. भांडणारे दोन मास्तर एका वर्गात पाठवा, एक तास वाचला." त्यानंतर आठवडाभर सगळ्यांनी मिळून माझं वेळापत्रक सोडवलं. आजही आमच्या शाळेचं वेळापत्रक त्याच प्रोग्रॅमवर निघतं आणि मुख्याध्यापक ते स्वतः केल्यासारखे भिंतीवर लावतात.

तर मी कंबर कसली. आधी स्पर्धा ठेवली. मराठी पंचांग दाखवणारा छोटा प्रोग्रॅम करा, बक्षीस एक छानसा कप. एकच प्रवेशिका आली. मग आसपासच्या कॉलेजांत जाऊन फलकावर कागद लावले. थोडी मुलं-मुली आली, प्रश्न विचारले, "धन्यवाद सर" लिहिलं आणि गेली ती गेलीच. मग रोज सकाळी शाळेला निघण्यापूर्वी एक कोडं टाकायला लागले. चहाचा कप विसळून येईपर्यंत खाली उत्तर हजर असायचं. नीटनेटकं, पूर्ण, कुठे बोट ठेवायला जागा नाही. उत्तर देणारा माणूस रोज एकच. कपसुद्धा त्यांनाच गेला होता.

ते आमचे काका. इथेच नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले, पुढे काकू गेल्या, आणि तेव्हापासून सिडकोतल्या घरी ते दिवसभर कट्ट्यावर असतात. मी अभिमानाने सगळ्यांना सांगायचे की आमच्याकडे प्रश्न विचारा, पाच मिनिटांत उत्तर मिळतं. इतकी चांगली सोय असून लोक येत का नाहीत, हेच मला कळत नव्हतं.

शेवटी वैतागून मी सटाण्याच्या मेडिकलवाल्याला फोन लावला. म्हटलं, याला तरी चार शब्द सुनवावेत. माझ्या वेळापत्रकावर आठवडाभर भांडणारा माणूस, पण किती दिवसांत त्याची एक ओळ नाही.

तो गिऱ्हाईक करत होता. गोळ्यांची पाकिटं कात्रीने कापता कापता त्याने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, राग नका मानू. मी दुकान सांभाळून उत्तर टाइप करतो. अर्धं होत नाय तवर काकांचं येऊन जातं. तेबी बिनचूक. मंग आपलं पुसून टाकायचं. लय वेळा पुसलं. मंग म्हटलं, आपली गरज नाय."

फोन ठेवून मी माझा जुना प्रश्न उघडला. वेळापत्रकाचा. पहिलं उत्तर चुकीचं. दुसरंही चुकीचं, वर उद्धट. तिसऱ्याने पहिल्याची चूक काढली, त्यावर भांडण. मधेच काकांनी एक वाक्य टाकलं होतं, "कारखान्यातून आल्यावर बघतो." तेव्हा ते नोकरीत होते. ते येईपर्यंत आम्ही सगळे धडपडत होतो, आणि मी शिकले ती त्या धडपडीत. मग मी गेल्या महिन्यातले प्रश्न उघडले. प्रश्न, काकांचं उत्तर, धन्यवाद. प्रश्न, काकांचं उत्तर, धन्यवाद. पंगतीत वाढपी ताट रिकामं होऊच देत नसेल तर जेवणारा मान खाली घालून जेवतो आणि उठतो. शेजारच्याला "मीठ सरकव" म्हणायचीही वेळ येत नाही.

आता हे काकांना सांगायचं कोणी? मीच सांगणार, दुसरं कोण आहे!

रविवारी सकाळी स्कूटर काढून सिडकोत गेले. काकांनी स्वतः पोहे केले होते, कोथिंबीर अंमळ जास्त पडली होती. मी खाऊन घेतलं, कारण नंतर ते खाववणार नाही हे मला माहीत होतं. मग सरळ सांगितलं, "काका, दिवाळीपर्यंत तुम्ही उत्तरं देऊ नका. एकही."

मेडिकलवाल्याचं बोलणं सांगितलं, जुना प्रश्न त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवला. ते चष्मा वर करून वाचत राहिले. शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि म्हणाले, "म्हणजे मीच मारला म्हणायचं कट्टा."

"तुम्ही जगवलात. दुसरं कोणी नव्हतं तेव्हा तुम्ही होतात. पण आता थोडा हात आखडता घ्या."

"मग मी करू काय, बाई? सकाळी उठून हे लावतो. कुणाचा प्रश्न आला की बरं वाटतं, आपलं काम आहे कुणाला."

"तुम्ही विचारा. उत्तरं लोक देतील."

"मला काय विचारायचंय आता," ते म्हणाले आणि बशा उचलून आत गेले. परत आले तेव्हा त्यांनी दुसराच विषय काढला. मी निघाले तरी दारापर्यंत आले नाहीत, एरवी स्कूटर सुरू होईपर्यंत उभे असतात. वाटेत द्वारका चौकातल्या सिग्नलला माझे डोळे भरून आले. एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं एकुलतं एक काम मी काढून घेतलं होतं, आणि ते करणं बरोबरही होतं. बरोबर असल्याचा त्या दिवशी काडीचाही उपयोग नव्हता.

पण मागे हटले नाही. घरी येऊन कट्ट्यावर ठळक अक्षरांत नवा नियम लावला: पहिल्या दिवशी पूर्ण उत्तर नाही. वाट दाखवा, चूक दाखवा, उरलेलं विचारणाऱ्याला करू द्या. मेडिकलवाल्याला फोन करून दमच दिला की रोज एक ओळ तरी लिही, चुकीची असली तरी चालेल. तो लिहायला लागला. बहुतेक वेळा चुकीचीच, पण त्याला चूक दाखवायला दोघंतिघं यायची. एवढंच. काका मात्र दिसेनासे झाले. माणूस कट्ट्यावर असला की नावापुढे हिरवा ठिपका दिसतो; त्यांचा विझला तो पेटेना. बंगळूरहून निरोप आला, "काकाही गेले का? मग आता कशासाठी चालवायचं?"

"अजून दिवाळी यायची आहे," एवढंच मी लिहिलं. काकांना फोन लावावा असं रोज वाटायचं. पण फोन केला असता तर माफी मागितली असती आणि माफी मागितली असती तर ते पुन्हा उत्तरं द्यायला बसले असते. म्हणून नंबर काढायचे आणि फोन परत ठेवून द्यायचे.

नवरात्र संपलं आणि एका मधल्या सुट्टीत फोन उघडला तर हिरवा ठिपका. काकांनी प्रश्न टाकला होता. इतक्या वर्षांतला त्यांचा पहिलाच. "मी व आमची मंडळी, म्हणजे तुमच्या काकू, दुपारी सारीपाट खेळत असू. पट अजून आहे, खेळायला कोणी नाही. मुलगी पुण्याला असते. तिच्या फोनवर व माझ्या फोनवर एकच पट दिसावा, असं करायचं आहे. मी कारखान्याची यंत्रं हलवली, पण फोनचं मला काहीच येत नाही. कृपया सांगावे."

शिक्षकखोलीत सगळ्यांदेखत मी रडले. हिंदीच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

पहिलं उत्तर सटाण्याहून आलं. "व्हई जाई काका, मी शे ना," म्हणजे होऊन जाईल, मी आहे ना, असं अहिराणीत लिहून त्याने जे सांगितलं ते साफ चुकीचं होतं. दुसऱ्याने त्याला झापलं. कॉलेजच्या त्या "धन्यवाद सर" म्हणून गेलेल्यांपैकी एक मुलगी परत आली, तिला फोनचं थोडं येत होतं. सोंगट्या कशा सरकवायच्या यावर वाद पेटला, मग सारीपाटाच्या नियमांवर पेटला, कारण प्रत्येकाच्या घरचे नियम वेगळे. काका मधे मधे विचारायचे, "समजलं नाही, परत सांगा." ज्यांच्याकडून आम्ही ते वाक्य कधी ऐकलं नव्हतं, ते आता दिवसातून कितीदा तरी लिहीत होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बंगळूरहून तीनच शब्द आले, "कट्टा राहू दे." काकांचा पट तेव्हाही अर्धाच होता. सोंगट्या घरात जाऊन अडकत होत्या.

पाडव्याला सकाळीच काकांचा फोन आला. त्या रविवारनंतरचा पहिला. मी शुभेच्छा देणार तोच म्हणाले, "बाई, मला आणखी एक गोष्ट येत नाही." आवाज असा, की पोराला नोकरी लागल्याचं सांगतायत. "कट्ट्यावर टाकलीय. तुम्हाला येत असेल, मला माहितीये. पण आज पूर्ण सांगू नका."